एकत्र प्रार्थना की एकत्र येऊन प्रार्थना: सोलापुरातल्या एका पॅरिशचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, वास्तू आणि काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि वादाचे मुद्दे तेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

सोलापुरातला ख्रिस्ती समाज लहान आहे, पण एकजिनसी नाही. रेल्वेबरोबर आलेली तमिळ आणि गोव्याची घराणी, गिरण्यांच्या काळात स्थिरावलेली तेलुगू कुटुंबे, नगरकडून आलेली मराठी कुटुंबे असे सगळे मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, शेजारी शेजारी बसतात. प्रोटेस्टंट बाजूला अमेरिकन मराठी मिशनचा जुना वारसा आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांत सोयरिकी होतात, मयताला दोन्हीकडचे लोक येतात, आणि भजनांच्या बऱ्याच चाली दोघांनाही पाठ असतात.

या पॅरिशमध्ये, म्हणजे एका फादरांच्या हाताखालच्या स्थानिक कॅथलिक मंडळीत, जानेवारीत दोन कार्यक्रम ठरलेले. १८ ते २५ जानेवारी हा जगभर ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा सप्ताह असतो. त्यातली एक संध्याकाळ शहरातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीबरोबर घालवायची. दुसरा कार्यक्रम ३० जानेवारीचा, गांधीजींच्या स्मृतिदिनाची सर्वधर्म प्रार्थना. ती पॅरिशच्या शाळेच्या मैदानावर होते. भरवणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, जुन्या सेवा दलाच्या वळणाचे. त्यांना इथे 'सर' म्हणू. याच महिन्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. त्यामुळे जानेवारीत सोलापुरात मांडववाला, फ्लेक्सवाला आणि स्पीकरवाला यांच्यापैकी एकही वेळेवर सापडत नाही, आणि सगळी कामे घाईत उरकली जातात. या प्रकरणात त्या घाईचाही वाटा आहे.

२०२५ च्या सप्ताहाला निमित्तही मोठे होते. इसवी सन ३२५ मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण होत होती. पॅरिशला नवे फादर येऊन सहा महिनेच झाले होते.

तक्रार

नाताळ संपतो न संपतो तोच फादरांच्या टेबलावर दोन पानी पत्र आले. टाइप केलेले, खाली तीन सह्या.

पहिली सही निवृत्त रेल्वे गार्डची. वय सत्तरीच्या पुढे, सगळी पॅरिश त्यांना 'अंकल' म्हणते. दुसरी सही एका सव्वीस वर्षांच्या तरुणाची. तो घरून कंपनीचे काम करतो, व्हिडिओ पाहून लॅटिन शिकला आहे आणि पारंपरिक, म्हणजे जुन्या लॅटिन मिस्सेचा कट्टर समर्थक आहे. तिसरी सही पाहून फादर चमकले. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंची ती सही होती, आणि त्या बाईंचे कधी कुणाशी वाजल्याचे ऐकिवात नव्हते.

पत्रात तीन आक्षेप होते. एक, मागच्या वर्षी ऐक्य सप्ताहात प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीची) भाकर फिरली तेव्हा आपल्या काही तरुणांनी ती घेतली आणि कुणी अडवले नाही. दोन, ३० जानेवारीला शाळेतल्या कॅथलिक मुलांकडून विनोबांची सर्वधर्म नाममाला म्हणवून घेतली जाते. तीत नारायण, बुद्ध, रहीम आणि येशू-पिता ही नावे एकाच प्रार्थनेत गुंफलेली आहेत. तीन, मैदानावर लागलेल्या फ्लेक्सवर क्रूस, ओम आणि चंद्रकोर यांच्याखाली 'मार्ग अनेक, सत्य एकच, सर्व धर्म समान' असे लिहिले होते, आणि त्याखाली पॅरिशचे नाव. शेवटी सुटी एक ओळ होती: लॅटिन मिस्सेसाठी दीड वर्षापूर्वी केलेल्या अर्जाला उत्तर मिळालेले नाही.

या आक्षेपाची मुळे

अशा पत्राला 'कट्टर लोक' म्हणून केराची टोपली दाखवणे सोपे असते. पण या विचाराची मुळे खुद्द ख्रिस्तसभेच्याच (कॅथलिक चर्चच्याच) कागदपत्रांत आहेत, आणि ती माहीत नसतील तर पुढचे निर्णय समजणार नाहीत.

पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये काढलेल्या चुकीच्या मतांच्या यादीत 'कोणताही धर्म पाळून माणसाला तारण मिळू शकते' हे मत धिक्कारले होते. अकरावे पायस यांनी ६ जानेवारी १९२८ च्या परिपत्रकात, ख्रिस्ती ऐक्यासाठी भरणाऱ्या बिगरकॅथलिक परिषदांत कॅथलिकांनी भाग घेऊ नये असे बजावले. विभक्त झालेले परत येतील तेव्हाच ऐक्य होईल, अशी त्यांची भूमिका होती. १९१७ च्या धर्मसंहितेत कलम १२५८ नुसार इतरांच्या उपासनेत सक्रिय भाग घेणे निषिद्ध होते. आजच्या पंच्याहत्तरीतल्या माणसाने लहानपणी हेच ऐकलेले असते.

मग जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली. २१ नोव्हेंबर १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशाने इतर ख्रिस्ती लोकांसोबत प्रार्थना करण्याला केवळ परवानगी नाही, प्रोत्साहन दिले. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्राने इतर धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे म्हटले. पारंपरिक गटाला हा जुन्या शिकवणीशी सरळ तुटलेला धागा वाटतो. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापन केलेली संस्था याच भावनेवर उभी राहिली, आणि तिचे एक केंद्र आपल्याकडे तामिळनाडूत पाळयंकोट्टईलाही आहे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी इटलीतल्या असिसीत सर्व धर्मांच्या प्रमुखांना शांततेच्या प्रार्थनेसाठी बोलावले, त्यावर लफेव्रांनी कडाडून टीका केली. १९८८ मध्ये पोपच्या आदेशाविरुद्ध त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली, तेव्हा असिसी हेही एक कारण त्यांनी पुढे केले होते. ताजी भर होती सप्टेंबर २०२४ ची: सिंगापूरला तरुणांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी सर्व धर्म देवाकडे नेणाऱ्या वाटा आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या तरुणाच्या फोनमध्ये ती क्लिप होती, आणि तो ती ज्याला त्याला दाखवत होता.

पहिला निर्णय, जो महागात पडला

फादरांनी पत्राला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी प्रवचनात मात्र ते म्हणाले, "काही जणांचं घड्याळ १९६० सालीच थांबलंय." नाव घेतले नाही, पण घेण्याची गरजही नव्हती. अंकल तिसऱ्या बाकावर बसले होते.

संध्याकाळपर्यंत पॅरिशच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. बहुतेकांना वाद कशावर आहे तेच ठाऊक नव्हते. 'हिंदू-मुसलमानांशी बोलायला यांचा विरोध आहे' एवढेच पसरले. ज्या अंकलांवर हा शिक्का बसला, ते गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांच्या वाटेवर शेजारच्या लिंगायत कुटुंबाच्या पाणपोईवर उभे राहून लोकांना पाणी देतात. बिऱ्हाडातल्या मुसलमान शेजारणीच्या डायलिसिसला रिक्षा तेच बोलावतात. आणि ग्रुपवर सर्वधर्मसमभावाचे फलक पाठवणाऱ्यांपैकी किती जणांचा इतर धर्मीयांच्या घरी असा राबता आहे, हे मी मोजायला गेलो नाही.

फादरांना हे पॅरिश कौन्सिलच्या सचिव बाईंनी सांगितले, तेही जरा फणकाऱ्यानेच. दुसऱ्या दिवशी फादर स्वतः अंकलांच्या घरी गेले. अंकल म्हणाले, "फादर, शेजाऱ्याला मी पाणी पाजतो की. पण त्याचं स्तोत्र माझ्या तोंडी का घालता?"

या प्रकरणातला खरा पेच या वाक्यात होता. आक्षेप शेजाऱ्यांवर नव्हता. वेदीपाशी आणि प्रार्थनेत कुणी काय म्हणायचे, यावर होता.

समोरचे पर्याय

कौन्सिलच्या बैठकीत चार वाटा पुढे आल्या. दरवर्षीसारखेच करायचे आणि पत्र वरच्या कार्यालयाकडे पाठवून मोकळे व्हायचे. दोन्ही कार्यक्रमांतून अंग काढून घ्यायचे. कॅथलिकांनी जायचे, पण पाहुणे म्हणून गप्प बसायचे. नाहीतर कार्यक्रमांची घडणच बदलायची.

पहिली वाट बहुमताला हवी होती. दुसरीला कुणीच हात वर केला नाही, कारण सरांना नाही म्हणायचे कसे हा प्रश्न होता. शाळेच्या संकटकाळात ते पाठीशी उभे राहिले होते. तिसरीबद्दल तरुणाचा युक्तिवाद असा की जुन्या संहितेतही लग्न-मयताला इतरांच्या उपासनेत सन्मानापोटी नुसते हजर राहायला मुभा होती. मुद्दा बरोबर होता. पण यजमानानेच आपल्या अंगणात पाहुण्यासारखे गप्प बसायचे, हे सचिव बाईंना पटेना.

फादरांनी निर्णय आठवडाभर पुढे ढकलला आणि तिघांना कागदपत्रांसह बसायला बोलावले. टिपणे घ्यायला मी होतो.

वाचनाची बैठक

दोन तासांच्या बैठकीत तीन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे दोन वेगळे विषय एकमेकांपासून सुटले. प्रोटेस्टंटांशी नाते हे एकाच बाप्तिस्म्यातल्या लोकांचे आहे आणि तिथे प्रश्न तुटलेल्या ऐक्याचा आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन यांच्याशी संवाद हा वेगळा प्रकार. तिथे एका ख्रिस्तसभेत येण्याची बोलणी नसतात. पत्रात, प्रवचनात आणि ग्रुपवर हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले गेले होते.

दुसरी म्हणजे कोणता आक्षेप आजच्या नियमांनीही खरा आहे, ते स्पष्ट झाले. भाकरीबाबत तिघांचे म्हणणे सोळा आणे बरोबर निघाले. १९८३ ची धर्मसंहिता कलम ८४४ मध्ये कॅथलिकांना प्रोटेस्टंट पाळकांच्या हातून प्रभुभोजन घेण्याची मोकळीक देत नाही. १९६४ च्या आदेशातही आठव्या परिच्छेदात एकत्र प्रार्थनेचे कौतुक आहे, पण संस्कारांतला सहभाग हे ऐक्य साधण्याचे सरसकट वापरायचे साधन नव्हे असे तिथेच म्हटले आहे. अकरावा परिच्छेद तर खोट्या समेटाइतके ऐक्याला दुसरे काही परके नाही, असे सांगतो. फ्लेक्सचेही तसेच. 'सर्व धर्म समान' हे व्हॅटिकन परिषदेने कुठेच म्हटलेले नाही. १९६५ चे घोषणापत्र इतर धर्मांचा आदर करताना त्याच परिच्छेदात ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे हे सांगत राहणे ख्रिस्तसभेला बंधनकारक मानते. ६ ऑगस्ट २००० चे व्हॅटिकनचे निवेदन सगळे धर्म सारखेच या मताला स्पष्ट नकार देते.

फादरांनी विचारले, मग हे वाक्य लिहिले कुणी? शोध घेतल्यावर कळले, कुणीच नाही. गड्ड्याच्या गर्दीत नवी पेठेतल्या फ्लेक्सवाल्याने दुसऱ्या एका कार्यक्रमाची जुनी फाइल उघडून खाली पॅरिशचे नाव टाकले होते. ज्या वाक्यावर धर्मशास्त्राचा वाद पेटला, ते डीटीपी ऑपरेटरने वेळ वाचवण्यासाठी तसेच ठेवले होते! फक्त फ्लेक्स लागल्यावर कौन्सिलमधल्या एकालाही ते खटकले नाही, ही बाब मला जास्त बोलकी वाटते.

तिसरी गोष्ट तरुणाच्या बाबतीत घडली. प्रोटेस्टंटांसोबत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणणेसुद्धा नव्या काळाची भेसळ आहे, असे तो मानत होता. फादरांनी २० डिसेंबर १९४९ ची होली ऑफिसची, म्हणजे शिकवणीवर देखरेख ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या कार्यालयाची, सूचना काढली. बारावे पायस पोप असताना, म्हणजे व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधी, अशा मिश्र बैठकींची सुरुवात किंवा शेवट प्रभूच्या प्रार्थनेने एकत्र करायला त्या सूचनेने परवानगी दिली होती. तरुणाने ती दोनदा वाचली. त्याचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण 'जुने सगळे एकसारखे होते' हा त्याचा समज तिथे ढिला झाला.

धर्मशिक्षिका बाई तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला पोप-बिपचं कळत नाही. तीस तारखेला पोरं मैदानात म्हणतात सगळं एकच, आणि रविवारी मी शिकवते बाप्तिस्मा घ्या. पोरगं विचारतं, बाई, कशाला मग? मी काय सांगू?" या प्रश्नाला फादरांकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. तिन्ही आक्षेपांत मला हाच सगळ्यात वजनदार वाटतो.

काय केले

घडण बदलायची, हे ठरले. ऐक्य सप्ताहासाठी फादर त्या प्रोटेस्टंट मंडळीच्या पाळक साहेबांकडे गेले. अवघड बोलणे होईल अशी धास्ती होती. पाळक साहेब हसले. म्हणाले, त्यांच्याकडेही एका वडीलजनांचे पत्र आले आहे: पुढच्या वर्षी कॅथलिक चर्चमध्ये गेलो तर मरियेच्या मूर्तीसमोर उभे राहायचे का? प्रभुभोजनाबद्दल ते म्हणाले, तुम्ही घेत नाही याचा राग नाही, आधी सांगितले असते तर त्या संध्याकाळी ठेवलेच नसते.

म्हणून वचनाची उपासना ठरली: शास्त्रवाचन, प्रवचन, प्रभूची प्रार्थना आणि वर्षाला साजेसा निकियाचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचे जाहीर निवेदन. दोन्हीकडच्या मराठी पाठांत शब्द वेगळे असल्याने तालमीत नुसता गलका झाला; शेवटी एकच पाठ छापून वाटला.

३० जानेवारीचा प्रश्न नाजूक होता. नाममाला काढा म्हटल्यावर सर दुखावले. "गांधींच्या दिवशीसुद्धा?" एवढेच म्हणाले. फादरांनी असिसीचा दाखला दिला. १९८६ मध्ये तिथे सर्वांनी मिळून एक प्रार्थना म्हटली नव्हती. आधी प्रत्येक धर्माचे लोक आपापल्या जागी प्रार्थनेला गेले, मग एका ठिकाणी जमून आळीपाळीने आपापली प्रार्थना केली, बाकीच्यांनी आदराने ऐकली. २०११ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी असिसीला तेच निमित्त साजरे करताना सामाईक प्रार्थना ठेवलीच नाही.

सरांना हे पुस्तकी वाटले. पेच सुटला तो सर्वधर्म प्रार्थनेच्या समितीतल्या मौलानांमुळे. ते सहज म्हणाले, "मी तरी ती कुठं म्हणतो? इतकी वर्षं त्या वेळी हात बांधून गप्प उभा असतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." सर बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्या प्रार्थनेने सगळ्यांना एकत्र आणायचे, ती म्हणताना समितीतलाच एक माणूस दरवर्षी बाहेर राहत होता आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

नाममाला राहिली, ती सरांच्या गटाने म्हणायची. कॅथलिक मुलांनी मत्तयच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन वाचायचे. गांधीजींना ते प्रिय होते, त्यामुळे सरांनीही मान डोलावली. मौलानांनी आपली दुआ करायची. सकाळी ११ वाजताचे दोन मिनिटांचे मौन तेवढे सगळ्यांचे. फ्लेक्सवर या वेळी फक्त तारीख, वेळ आणि 'शांततेसाठी प्रार्थना'.

निष्पत्ती

अपेक्षेपेक्षा वेगळीच. अंकल ३० जानेवारीला आले, मुलांच्या रांगा लावायला उभे राहिले. ऐक्य सप्ताहाच्या उपासनेला मात्र आले नाहीत. कारण विचारले तर म्हणाले, "हे शेजारी आहेत. ते आपल्या घरातून गेलेत, परत आले की मी बसतो." पारंपरिक विचाराचा हा बारकावा आयोजकांच्या हिशेबात नसतो. त्यांना वाटते, इतर धर्मांशी संवाद अवघड आणि ख्रिस्ती ऐक्य सोपे. अंकलांसारख्यांना बरेचदा उलटे वाटते.

बाई दोन्हीकडे आल्या. बाप्तिस्मा आणि इतर धर्मीयांबद्दलचा आदर या दोन्हींवर त्यांनी फादरांसोबत मोठ्या मुलांसाठी एक धडा तयार केला. त्यांच्या मते तो अजून कच्चा आहे.

तरुण कुठेच आला नाही. आता महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने बाहेरगावी लॅटिन मिस्सेला जातो. घरच्यांना त्याची काळजी वाटते. फादरांशी त्याचे बोलणे आहे, पण पॅरिशमध्ये तो फारसा दिसत नाही.

ग्रुपवर काहींनी 'चार लोकांपुढे नमलो' असे लिहिले. सरांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांना अजूनही वाटते की सर्वधर्म प्रार्थनेचा आत्माच गेला.

वेगळे काय करता आले असते

पत्राला आठ दिवसांत चार ओळींचे उत्तर गेले असते तर प्रवचनातला टोमणा टळला असता, आणि त्या टोमण्याने जेवढे नुकसान केले तेवढे मूळ वादाने केले नाही. 'पोपची आज्ञा पाळा' हा पारंपरिक कॅथलिकांपुढचा सर्वांत कुचकामी युक्तिवाद, कारण ते लगेच जुन्या पोपांची आज्ञा दाखवतात. कागद उघडून बसल्यावरच बोलणे पुढे सरकले.

लॅटिन मिस्सेच्या अर्जाचे प्रकरण मला जास्त बोचते. १६ जुलै २०२१ च्या पोपच्या आदेशानंतर अशी परवानगी बिशपांच्या हाती आहे, आणि नकार येण्याचीच शक्यता जास्त होती. पण नकारही कळवला गेला नाही. फादरांना ती ओळ पाहून वाटले की खरा राग यातच आहे आणि बाकीचे आक्षेप हे नुसते निमित्त. तसे मुळीच नव्हते. बाईंना लॅटिनशी काही देणेघेणे नाही. तरीही दीड वर्ष उत्तर न मिळालेल्या तरुणाला चर्च आपले ऐकत नाही असे वाटले, तर त्याला दोष देता येत नाही.

मागच्या वर्षी ज्यांनी भाकर घेतली त्या मुलांशी कुणी बोललेच नाही, ही आणखी एक राहिलेली गोष्ट. वाचनाची बैठक झाली ती आक्षेप घेणाऱ्या तिघांची. फ्लेक्सखाली उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांना १९६५ च्या घोषणापत्रात काय आहे आणि काय नाही, हे आजही ठाऊक नाही. तीच बैठक सगळ्या पॅरिशसाठी घ्यावी, असे सचिव बाईंनी कौन्सिलला लिहून दिले आहे. फादर म्हणाले, उपवासकाळ उरकू दे, मग पाहू.